ड्रमची उंची फसवते : जळगावच्या बारा घरांच्या बायोगॅस संयंत्राचं मोजमाप

जळगाव शहराच्या कडेला बारा घरांची एक कॉलनी. ओला कचरा घंटागाडीत न देता आवारातल्या बायोगॅस संयंत्रात टाकायचा आणि गॅस शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये पापड-बिबडे करणाऱ्या बचत गटाला द्यायचा, अशी व्यवस्था. पहिला उन्हाळा झकास गेला. शेगडी दिवसाला अडीच तास चालायची. जानेवारीत ती जेमतेम तासभर चालू लागली. गटातल्या ताईंचं म्हणणं होतं की थंडीनं गॅस आटला. कॉलनीतल्या काहींना वाटत होतं की टाकी उपसून शेण घालून नव्यानं सुरू करावी. आणि मग एप्रिलअखेर आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सणात याच्या उलट घडलं. ड्रम काठोकाठ भरलेला, कडेनं बुडबुडे बाहेर पडतायत, आणि काडी लावली तर जाळ नीट धरत नाही.

या दोन प्रसंगांत संयंत्र खरं आजारी पडलं ते दुसऱ्यात. पहिल्यात त्याची तब्येत ठीक होती. हे नुसत्या डोळ्यांनी उलटं का दिसलं आणि सरळ दिसण्यासाठी काय मोजावं लागलं, त्याचा हा तपशील.

संयंत्र कसं आहे

रचना तरंगत्या ड्रमची. बाहेरची टाकी २००० लिटरची, तोंड कापलेली, व्यास १.३५ मीटर. तिच्यात पालथी घातलेली १५०० लिटरची टाकी म्हणजे गॅसचा ड्रम, व्यास १.२० मीटर. दोन्ही काळ्या प्लॅस्टिकच्या, पाणी साठवायच्या. आतली स्लरी, म्हणजे कचरा-पाण्याचा काला, १७०० लिटर. भरणीचा पाइप ४ इंची, तळापर्यंत गेलेला. ड्रमपासून शेगडीपर्यंत पाऊण इंची पाइप, सुमारे ४० मीटर.

खादी ग्रामोद्योग आयोगाचा लोखंडी तरंगता ड्रम महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत जुना आहे. शेणाऐवजी पिष्टमय खरकट्यावर चालणारं छोटं संयंत्र लोकांपुढे आणलं ते पुण्याच्या ‘आरती’ संस्थेनं, डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकारानं. त्याला २००६ साली ॲश्डेन पुरस्कार मिळाला. कॉलनीचं संयंत्र याच जातकुळीतलं.

मोजमापासाठी यातले दोन आकडे पाठच करून ठेवावेत. ड्रमचं क्षेत्रफळ १.१३ चौरस मीटर, म्हणून ड्रम १ सेंटीमीटर चढला की ११.३ लिटर गॅस. दुसरा दाबाचा. ड्रमचं आणि वरच्या वजनाचं मिळून किलो भागिले क्षेत्रफळ केलं की दाब थेट पाण्याच्या मिलिमीटरमध्ये मिळतो. रिकामा ड्रम ४० किलोचा, म्हणजे फक्त ३५ मिलिमीटर. यावर शेगडी धड चालत नाही. वर ६० किलोचे पेव्हर ब्लॉक गोलाकार मांडल्यावर दाब ८८ मिलिमीटर झाला. बायोगॅसच्या शेगडीला ७५ ते १०० हवा असतो. ब्लॉक एका बाजूला जास्त झाले तर ड्रम तिरका होऊन घासतो, आणि तिरक्या ड्रमची एकाच बाजूनं घेतलेली उंची खोटी असते. म्हणून ड्रमवर तीन ठिकाणी, सारख्या अंतरावर, सेंटीमीटरच्या खुणा केल्या आणि तिन्हींची सरासरी धरली.

या रचनेतली एक उणीव विकतानाच्या माहितीपत्रकात सहसा नसते. ड्रम आणि बाहेरची टाकी यांच्यात साडेसात सेंटीमीटरची फट आहे. तेवढ्या वर्तुळाकार पट्ट्याचं क्षेत्रफळ ०.३० चौरस मीटर, म्हणजे स्लरीच्या एकूण पृष्ठभागाच्या पाचवा हिस्सा उघडा. त्याखाली तयार झालेला गॅस ड्रममध्ये न जाता थेट हवेत जातो. हा गॅस कोणत्याच नोंदीत येत नाही. म्हणून अशा संयंत्राची कार्यक्षमता प्रयोगशाळेतल्या बंद बाटलीच्या आकड्यांशी ताडू नये. त्याचं आधीचं मोजमाप आणि आताचं मोजमाप एवढीच तुलना प्रामाणिक. टाकी पुढे कधी रिकामी करावी लागली, तर आतल्या भिंतीला ड्रमच्या काठाखाली उतरतं कडं बसवून बुडबुडे आत वळवता येतात.

जानेवारी : आधी नोंदवही पाहिली

नोंदवहीत दोनच रकाने होते: कचऱ्याच्या बादल्या आणि शेगडी चालल्याचे तास. दोन्ही आकडे दिशाभूल करणारे. शेगडीचे तास हे गॅस किती झाला याचं मोजमाप नाही. गॅस किती वापरला गेला याचं आहे. ताईंनी जाळ मंद वाटला म्हणून सिलिंडरची शेगडी पेटवली, तर बायोगॅसचे तास कमी होतात. ड्रम तसाच भरलेला राहतो, आणि ड्रम वरच्या टोकाला टेकला की पुढचा गॅस कडेनं सुटतो.

नेमकं तेच चालू होतं. पारदर्शक नळीत पाणी भरून केलेला साधा यू-आकाराचा दाबमापक ड्रमपाशी लावला, तेव्हा ८८ मिलिमीटर दाब दिसला. शेगडीपाशी लावला, तर ३० च्या आत. मधल्या पाइपात कुठेतरी पाणी अडलं होतं. गॅस टाकीतून बाष्पानं भरलेला निघतो, जानेवारीच्या रात्री पाइप थंड पडतो, बाष्पाचं पाणी होतं आणि सखल जागी साचतं. इथली काळी कापसाची माती पावसाळ्यात फुगते, नंतर भेगाळून बसते. तिच्यात पुरलेला पाइप एका जागी चांगला सहा सेंटीमीटर खचला होता. सहा सेंटीमीटर पाणी म्हणजे ६० मिलिमीटर दाब खाल्ला. ज्योत भकभक करते, मोठी होते, विझू पाहते, ती यामुळेच. पाइप उकरून १०० सेंटीमीटरला १ सेंटीमीटर असा उतार दिला आणि सर्वांत खालच्या जागी टी जोडून पाणी काढायची तोटी बसवली. दुरुस्तीला एक दुपार पुरली. सांध्यांना साबणाचा फेस लावून गळती पाहिली, तेव्हा ड्रमवरच्या निपलपाशी एक बारीक बुडबुडा निघाला. टेफ्लॉन टेप बदलल्यावर तोही गेला.

पण ही झाली गॅस पोहोचवण्याची अडचण. गॅस तयार किती होतो, हा प्रश्न तसाच होता.

वजन, सुकं वजन, मग गॅस

यासाठी तीन गोष्टी नव्यानं सुरू केल्या. भरणीच्या आधी बादली तराजूवर. आठवड्यातून दोनदा कचऱ्याचा नमुना सुकवून वजन. आणि ड्रमची उंची रोज सकाळी सातलाच.

सकाळी सातचा आग्रह का? काळा ड्रम उन्हात तापतो. सकाळी २८ अंशांना ड्रममध्ये ६०० लिटर गॅस असेल आणि दुपारी आतलं तापमान ४८ झालं, तर नुसत्या प्रसरणानं आणि वाढलेल्या बाष्पानं तो जवळपास १५ टक्क्यांनी फुगतो. म्हणजे ९० लिटर, ड्रमवर आठ सेंटीमीटर, आणि यात नव्या गॅसचा एक थेंबही नाही. दुपारी उंची पाहून “आज मस्त गॅस आहे” म्हणणारे निम्मे वेळा ऊनच मोजत असतात. शिवाय उन्हाळ्याची आणि हिवाळ्याची तुलना करायची तर दोन्ही आकडे एकाच तापमानावर आणायला हवेत. प्रमाणित आकारमान काढताना ० अंश आणि कोरडा गॅस धरतात. जळगावची उंची आणि ड्रमचा दाब धरून, गॅस १८ अंशांचा असेल तर मोजलेल्या आकड्याला ०.९० नं गुणायचं, ३० अंशांचा असेल तर ०.८५ नं, ४० अंशांचा असेल तर ०.७९ नं. या तीन आकड्यांवर बहुतेक काम भागतं.

सुक्या वजनाचं काम थोडं चिकाटीचं आहे. दिवसभराचा कचरा ताडपत्रीवर ओतायचा, सुरीनं बारीक करायचा, ढीग करून चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन ठेवून दोन टाकायचे. असं करत शेवटी २०० ग्रॅम नमुना उरवायचा. नुसता वरून मूठभर उचललात तर कधी सगळ्या चपात्या येतील, कधी सगळी सालं. शाळेच्या किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत १०५ अंशांना वजन स्थिर होईपर्यंत वाळवता आलं तर उत्तम. नाही तर वाळवणासारखं दोन-तीन दिवस कडक उन्हात आणि शेवटी घरच्या ओव्हनमध्ये दोन तास. फरक फार पडत नाही. हे झालं एकूण घन. यातला जळून जाणारा भाग, म्हणजे जिवाणूंच्या खऱ्या उपयोगाचा सेंद्रिय घन, ५५० अंशांच्या भट्टीत काढतात. भट्टी नसेल तर खरकट्यासाठी घनाच्या ९० टक्के आणि मातीसकट येणाऱ्या पालेभाज्यांसाठी ८५ टक्के धरावेत.

जानेवारीच्या दोन आठवड्यांची सरासरी अशी आली. कचरा रोज ११.४ किलो, घन १३.५ टक्के, त्यातला सेंद्रिय ८६ टक्के. म्हणजे सेंद्रिय घन १.३२ किलो. गॅस ५८० लिटर, प्रमाणित केल्यावर ०.५२ घनमीटर. मिथेन, म्हणजे गॅसमधला जळणारा भाग, ६२ टक्के (तो कसा मोजला ते पुढे).

एप्रिलच्या पहिल्या दोन आठवड्यांत तेच मोजमाप पुन्हा केलं. कचरा ९.६ किलो, म्हणजे जानेवारीपेक्षा कमी. घन मात्र २४ टक्के, त्यातला सेंद्रिय ९१ टक्के. सेंद्रिय घन २.१० किलो. गॅस ११८० लिटर, प्रमाणित १.०० घनमीटर, मिथेन ५८ टक्के. एवढा गॅस ड्रममध्ये एकदम मावत नाही, म्हणून सकाळ-संध्याकाळ दोनदा वापरायचा आणि प्रत्येक वापराच्या आधी-नंतर उंची टिपायची.

आता हे आकडे तीन प्रकारे मांडून पाहा. नुसत्या लिटरांत एप्रिलचं संयंत्र जानेवारीच्या दुप्पट. किलोमागे काढलं तर जानेवारीत ५१ लिटर आणि एप्रिलमध्ये १२३, म्हणजे जवळजवळ अडीचपट. आणि सेंद्रिय घनाच्या किलोमागे मिथेन काढलं तर जानेवारीत ०.२५ घनमीटर, एप्रिलमध्ये ०.२८. फरक ११ टक्क्यांच्या आसपास. संयंत्राची पचनशक्ती सांगणारा आकडा हा तिसरा. बाकी दोन्ही कचरा सांगतात.

जानेवारीच्या बादलीत काय होतं ते आठवलं की उलगडा होतो. मटारची टरफलं, मेथीच्या आणि शेपूच्या काड्या, फ्लॉवरचे दांडे, मुळ्याचा पाला, हरभऱ्याच्या जुड्यांचे देठ. बादली जड, पण त्यातलं बहुतेक पाणी आणि चिवट तंतू. भरताच्या हंगामात वांग्यांची भाजलेली सालं जातात, तीही हलकीच. एप्रिलमध्ये भाज्या महागतात, घरात डाळ-बट्टी, भात, चपात्या, आंब्याची सालं. बादली हलकी, खाद्य दीडपटीहून जास्त.

मग थंडीचं काय? टाकीतल्या मधल्या थराचं तापमान जानेवारीत २२ अंश होतं, एप्रिलमध्ये ३२. जिवाणूंची गती यात निम्म्याहून कमी होते हे खरं. पण गती निम्मी झाली म्हणून उत्पन्न निम्मं होत नाही. रोज कचरा आणि पाणी मिळून २० लिटर आत जातं, टाकी १७०० लिटरची, म्हणजे माल सरासरी ८५ दिवस आत राहतो. पचनाचा दर उन्हाळ्यात दिवसाला ०.१५ आणि हिवाळ्यात ०.०६ धरून साधं गणित केलं, तर पचणाऱ्या भागातला ९३ टक्के उन्हाळ्यात पचतो आणि ८४ टक्के हिवाळ्यात. दहा टक्क्यांचाच फरक, मोजमापाशी जुळणारा. मुक्काम लांब असला की थंडी सोसते. हीच टाकी रोज ६० लिटर भरून चालवली असती, तर मुक्काम २८ दिवसांवर आला असता आणि थंडीचा फटका खरोखर बसला असता. म्हणून “हिवाळ्यात गॅस कमी होतोच” हे वाक्य मुक्कामाचे दिवस विचारल्याशिवाय मान्य करू नये.

टाकी उपसायचा विचार इथेच सोडला. उपसली असती तर वर्षभर जमलेलं जिवाणूंचं विरजण गेलं असतं आणि पुन्हा स्थिर व्हायला महिना-दीड महिना.

मिथेन घरच्या घरी कसा मोजला

६० मिलिलिटरची सिरिंज, बोटभर रबरी नळी आणि कॉस्टिक सोडा एवढ्यावर हे होतं. १०० मिलिलिटर पाण्यात १२ ग्रॅम कॉस्टिक, नेहमी पाण्यात सोडा टाकायचा, सोड्यावर पाणी नाही. द्रावण तापतं आणि कातडी जाळतं. हातमोजे आणि चष्मा असल्याशिवाय हात लावू नये.

शेगडीजवळच्या तोटीतून आधी थोडा गॅस सोडून पाइपातली हवा घालवायची, मग सिरिंजमध्ये बरोबर ५० मिलिलिटर गॅस घ्यायचा. नळीचं टोक द्रावणात बुडवून १० मिलिलिटर द्रावण आत ओढायचं, टोक दाबून अर्धा मिनिट हलवायचं. कार्बन डायऑक्साइड द्रावणात शोषला जातो. टोक द्रावणाखालीच उघडलं की तेवढ्या जागी द्रावण आपोआप आत शिरतं. उरलेला गॅस ३१ मिलिलिटर, तर मिथेन ६२ टक्के. यात एक गफलत होऊ शकते: गॅसमध्ये हवा मिसळलेली असेल तर तीही मिथेन म्हणून मोजली जाते. आकडा ७० च्या वर आला तर आनंद मानण्याआधी नळीचा सांधा तपासा.

हिवाळ्यात मिथेनचं प्रमाण जास्त आलं, यात नवल नाही. थंड पाण्यात कार्बन डायऑक्साइड जास्त विरघळतो, आणि पिठूळ-गोड कचऱ्यातून तो मुळात जास्त निघतो.

आखाजी

आखाजीला खानदेशात लेकी माहेरी येतात. बाराही घरांत माणसं दुप्पट, पुरणपोळी, आमरस, सांजोऱ्या. सलग तीन दिवस रोज २१ किलो कचरा आला, घन २९ टक्के. सेंद्रिय घन साडेपाच किलोंवर गेला, म्हणजे टाकीच्या दर घनमीटरला ३.३ किलो. एप्रिलमध्ये हाच भार १.२ होता. ढवळण्याची आणि तापवण्याची सोय नसलेल्या टाकीला २ च्या पुढे नेऊ नये. त्यातून हा सगळा माल साखर आणि पिष्ट, लगेच आंबणारा.

पहिल्या दिवशी सगळे खूश. ड्रम दुपारीच वरच्या टोकाला. दुसऱ्या दिवशी सकाळी सिरिंजनं ५८ ऐवजी ५१ दाखवलं. पीएच मात्र ७.२ वरून ६.९ वर, म्हणजे वरवर पाहता ठीकच. कागदी पट्टीवर तर फरक कळलाच नसता. चौथ्या दिवशी मिथेन ४६, पीएच ६.५, स्लरीला आंबूस वास, फटीतून पांढुरका फेस. ज्योत बर्नरवरून उचलली जात होती आणि विझत होती, कारण ड्रममध्ये निम्म्याहून जास्त कार्बन डायऑक्साइड होता.

कारण जिवाणूंच्या दोन टोळ्यांच्या चालीत आहे. साखर फोडून आम्ल करणारे काही तासांत दुप्पट होतात. आम्ल खाऊन मिथेन करणाऱ्यांना त्यासाठी कित्येक दिवस लागतात. खाद्य एकदम वाढलं की आम्ल साठतं. स्लरीतली क्षारता, म्हणजे आम्ल मारण्याची ताकद, ते आम्ल काही काळ पचवते, त्या भरात कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि ड्रम चढतो. क्षारता संपत आल्यावर पीएच घसरतो. म्हणजे पीएच हा उशिरा येणारा निरोप आहे. मिथेनचं प्रमाण त्याच्या दोन दिवस आधी सांगतं.

त्याहून आधी सांगणारं मोजमाप म्हणजे आम्ल आणि क्षारता यांचं गुणोत्तर. गाळलेली स्लरी २० मिलिलिटर घ्यायची, पीएच मीटर बुडवून ०.१ नॉर्मल गंधकाम्ल थेंबथेंब घालायचं. पीएच ५.० वर येईपर्यंत लागलेलं आम्ल गुणिले २५० ही क्षारता. तिथून ४.४ पर्यंत लागलेलं आम्ल १.६६ नं गुणायचं, त्यातून ०.१५ वजा करायचे आणि ५०० नं गुणायचं. हे झालं आम्ल. दोन्ही लिटरला मिलिग्रॅममध्ये. जानेवारीत १४.० आणि १.१ मिलिलिटर लागले होते: क्षारता ३५००, आम्ल ८३८, गुणोत्तर ०.२४. आखाजीनंतर १०.४ आणि २.२: क्षारता २६००, आम्ल १७५१, गुणोत्तर ०.६७. साधारण ०.३ च्या आसपास ठीक, ०.४ ओलांडलं की भरणी कमी करायची, ०.६ च्या वर गेलं की बंद. जानेवारीत “आजारी” म्हणवल्या गेलेल्या टाकीचा आकडा ०.२४ होता, हे मुद्दाम लक्षात घ्यावं.

उपाय असा केला. भरणी पूर्ण बंद, पाच दिवस. कचरा त्या काळात खतखड्ड्यात. खाण्याचा सोडा ५०० ग्रॅम, बादलीभर पाण्यात विरघळवून, एक दिवसाआड तीनदा. यानं १७०० लिटरची क्षारता ५०० च्या थोडी वर वाढते. जवळच्या गोठ्यातून २५ किलो ताजं शेण तेवढ्याच पाण्यात कालवून घातलं. ड्रममधला न जळणारा गॅस मोकळ्या जागी सोडला, आसपास विडी-काडी नसल्याची खात्री करून. मिथेन हवेत ५ ते १५ टक्के असला की भडका उडू शकतो. आणि ड्रम रोज दहा वेळा हातानं गोल फिरवला. वर साचलेली साय मोडायला याहून स्वस्त उपाय नाही.

चुना घालायचा सल्ला अनेक जण देतात. तो टाळला. चुना आधी कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून खडूसारखा तळाला बसतो, ड्रम अचानक खाली जातो, आणि मात्रा थोडी चुकली तर पीएच भलताच वर जातो. सोडा महाग असला तरी चुकीला जागा देतो.

सहाव्या दिवशी ३ किलोंनी सुरुवात, मग सिरिंज ५० च्या वर राहते आहे हे पाहून दोन दिवसाआड दीड-दोन किलो वाढ. आणखी दोन आठवड्यांत गुणोत्तर ०.३० आणि मिथेन ५७.

काय टाकायचं नाही

आंब्याच्या कोयी, हाडं, अंड्यांची टरफलं, कांद्या-लसणाची सुकी टरफलं: गॅस नाही, तळाला गाळ किंवा वर साय. लिंबू-संत्र्याच्या सालांतलं तेल जिवाणूंना बाधतं, मूठभराच्या वर नकोत. केळीची सालं इथे भरपूर. चालतात, पण दोन सेंटीमीटरपेक्षा बारीक करून, नाहीतर भरणीचा पाइप त्यांच्या धाग्यांनी बसतो. शेवभाजीची तर्री आणि तळणीचं उरलेलं तेल ही मोहाची गोष्ट आहे, कारण वजनाच्या मानानं तेलातून पिष्टाच्या दुपटीहून जास्त मिथेन निघतो. मात्र जास्त झालं तर त्यातली लांब साखळीची आम्लं मिथेन करणाऱ्यांनाच गुदमरवतात. या टाकीला दिवसाला वाटीभर ही मर्यादा ठेवली. बचत गटाचं पापडखाराचं पाणी आणि भांडी घासलेलं साबणाचं पाणी अजिबात नाही.

पाण्याबाबतही बदल झाला. आधी बादलीला बादली पाणी असा सरसकट नियम होता. आता हिवाळ्याच्या पाणचट कचऱ्याला पाऊण हिस्सा, उन्हाळ्याच्या घट्ट कचऱ्याला बरोबरीनं किंवा थोडं जास्त. उन्हाळ्यात टंचाईमुळे निम्म्या पाण्याऐवजी बाहेर आलेली स्लरी गाळून परत वापरतात. त्यानं विरजणही परत जातं. पण पूर्णपणे तिच्यावर चालवलं तर मीठ आणि अमोनिया साठत जातात, म्हणून निम्मंच.

आताची नोंदवही आणि पुढचा हिवाळा

रोजचे रकाने चार: भरणीचं वजन, सकाळी सातची ड्रमची उंची, प्रत्येक वापराच्या आधीची आणि नंतरची उंची, ड्रमवर टेकवलेल्या तापमापकाचा आकडा. आठवड्याला सिरिंज, सणासुदीत रोज. ऋतू बदलताना सुक्या घनाची तपासणी. गुणोत्तराची चाचणी महिन्याला एकदा आणि मिथेन ५४ च्या खाली आला की लगेच. पीएच मीटर दर वेळी बफर द्रावणात जुळवून घ्यायचा. न जुळवलेला मीटर पट्टीपेक्षा वाईट.

एप्रिलच्या गतीनं हा गॅस दिवसाला सुमारे ४५० ग्रॅम एलपीजीची जागा घेतो, म्हणजे १४.२ किलोचं सिलिंडर महिनाभराचं. जानेवारीच्या गतीनं तेच सिलिंडर सुमारे दोन महिन्यांचं. ही तफावत थंडीपेक्षा खाद्याची आहे, तेव्हा भरून काढायची तर खाद्यानंच. येत्या डिसेंबरपासून पिठाच्या गिरणीतली झाडलोट रोज ६०० ग्रॅम, पाण्यात भिजवून, द्यायचं ठरलं आहे. यातून अर्धा किलो सेंद्रिय घन वाढेल, भार दर घनमीटरला ०.८ वरून १.१ वर जाईल, म्हणजे २ च्या बराच आत, आणि गॅसमध्ये रोज पाव घनमीटरच्या आसपास भर पडेल. सुरुवात ३०० ग्रॅमनं, पहिले दहा दिवस रोज सिरिंज. झाडलोटीत जात्याच्या दगडाची पूड आणि माती असते, ती चाळणीनं काढायची. तळाला बसलेली वाळू गॅस देत नाही, पण मुक्कामाचे दिवस मात्र खाते.